काकडीची कोशिंबीर: बेळगावात नव्यानं स्वयंपाकाला लागलेल्यांसाठी

काकडीच्या कोशिंबिरीचं सगळं गणित पाण्यात आहे. काकडीत 95 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. मीठ लागलं की ते बाहेर यायला लागतं आणि पानं वाढेपर्यंत वाटीच्या तळाला पाणी, त्यावर तरंगणारं कूट आणि मऊ पडलेल्या फोडी उरतात. बाकी मिरची कमी-जास्त झाली, साखर चिमूटभर वाढली, तरी कोशिंबीर खाल्ली जाते. पाणी सुटलेली मात्र कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. म्हणून पाणी कधी काढायचं, कधी काढायचं नाही आणि काढलं नाही तर ते कशात जिरवायचं, एवढं समजून घ्या.

टिळकवाडी, अनगोळ, शहापूर भागात खोली घेऊन राहणारी मुलं-मुली, बदलीवर आलेली माणसं, घरात पहिल्यांदाच पोळपाट-लाटणं हातात घेतलेले, अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. गॅस लागतो तो फक्त दाणे भाजायला आणि फोडणीला. डब्यातून आमटी-भात येत असेल तरी त्याच्या शेजारी ही एक ताजी वाटी ठेवली की जेवण घरचं वाटतं.

काकडी घेताना

गणपत गल्ली, रविवार पेठ किंवा तुमच्या गल्लीतली भाजीवाली मावशी, कुठेही घ्या. शहरात मराठीत विचारलं तरी भागतं. गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलच्या बाजूला गेलात तर "अक्का, सौतेकाई हेंग?" म्हटलं की भाव कळतो.

कोशिंबिरीला मध्यम, वीतभर लांब, सगळीकडे सारख्या जाडीची काकडी बरी. हातात घेऊन दोन्ही टोकांना बोटानं दाबून बघा. टोक मऊ लागलं तर ठेवून द्या. मध्येच फुगलेली, पिवळी पडायला लागलेली काकडी म्हणजे आत बिया निबर झालेल्या. स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, बिया काढून टाकल्यावर हातात निम्मीच उरते. बाजारात गर्द हिरवी, गुळगुळीत काकडी वर्षभर असते, पण फिकट हिरवी, पांढरट पट्ट्यांची गावठी काकडी दिसली तर तीच घ्या. तिला वास असतो, आणि चिरली की खोलीभर कळतं. पावसाळा सरताना शेतातलं वाळूक येतं. तेही चालतं, फक्त साल काढावी लागते आणि बियांचा भाग चमच्यानं खरवडून टाकावा लागतो.

चार माणसांना दोन मध्यम काकड्या, म्हणजे साधारण 400 ग्रॅम, पुरतात. जास्तीच्या आणल्या तर फ्रीजच्या अगदी थंड कप्प्यात ठेवू नका. 10 अंशांखालच्या थंडीत काकडी दोन-तीन दिवसांतच पाणचट, डागाळलेली होते. कोरडी पुसून, कागदात गुंडाळून भाजीच्या खणात ठेवा. थंडीच्या दिवसांत बेळगावच्या हवेत ती स्वयंपाकघरातल्या टोपलीतही दोन दिवस छान राहते.

कडू आहे का, आधी बघा

हे न चुकता करायचं. एक कडू काकडी चार चांगल्या काकड्यांची चव घालवते आणि एकदा मिसळल्यावर काही उपाय नाही. कडवटपणा जास्त करून देठाकडच्या टोकाला आणि सालीला असतो. उन्हाचा ताण बसलेल्या, पाणी कमी पडलेल्या वेलाच्या काकड्या जास्त कडू निघतात, म्हणून उन्हाळ्यात विशेष लक्ष द्यावं. काकडी धुवा, देठाकडून बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा कापून टाका आणि त्याच्या पुढची एक पातळ चकती खाऊन बघा. गोड लागली तर पुढे चला. किंचित कडवट लागली तर अजून थोडं कापा, साल जाड काढा आणि परत चाखा. जिभेवर कडू राहतच असेल तर ती काकडी सरळ टाकून द्या. फार कडू काकडी खाल्ली तर पोट बिघडतं. टोक चोळून फेस काढायची पद्धत घरोघरी आहे, करायची तर करा, पण चाखून बघणं त्यामुळे टळत नाही.

काकडी कोवळी आणि गावठी असेल तर साल थोडी ठेवावी, एक पट्टा सोलायचा, एक सोडायचा. दुकानातल्या चकचकीत काकडीची सगळी साल काढा.

चिरायची कशी

किसणी हाताशी असते म्हणून नवीन माणूस किसायला जातो. दह्यातल्या पातळ कोशिंबिरीला किसलेली चालते, पण कूट-फोडणीची कोशिंबीर, म्हणजे खमंग काकडी, किसून करू नका. किसताना काकडी पार चिरडते आणि सगळं पाणी तिथेच सुटतं. दाताखाली काही कुरकुरीत लागतच नाही.

खरी पद्धत चोचवण्याची. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, वरचं टोक मोकळं. उजव्या हातातल्या सुरीनं त्या टोकावर उभे वार करायचे, अर्धा-पाऊण इंच खोल आणि एकमेकांना लागून. काकडी हातात थोडी फिरवत राहायची, म्हणजे वार आडवे-उभे सगळीकडून पडतात. टोक चिरा-चिरांनी भरलं की सुरी आडवी धरून वरून तासायचं. बारीक, लहान-मोठे, अनियमित तुकडे पातेल्यात पडतात. मग पुन्हा वार, पुन्हा तासायचं. त्या अनियमितपणातच खरी मजा आहे. बारीक तुकडे कुटाला धरून राहतात आणि मोठे दाताखाली येतात. हात बसायला थोडे दिवस लागतात. तोवर अंगठा वारांच्या बराच खाली ठेवा आणि घाई करू नका.

हातावर वार करायची भीती वाटत असेल तर काकडी पाटावर ठेवून उभे चार भाग करा, मग प्रत्येक भाग पुन्हा उभा चिरून आडवं बारीक चिरत जा. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा असला की पुरे. ज्यांच्या घरी विळी आहे आणि त्यावर बसायची सवय आहे, त्यांना काही सांगायला नको.

मीठ: आधी की शेवटी

इथे दोन वाटा फुटतात आणि तुम्ही कोशिंबीर कधी खाणार यावर कोणती घ्यायची ते ठरतं.

दोन-तीन तासांनी जेवायचं असेल, डब्यात न्यायची असेल किंवा सणाला पंधरा-वीस पानं वाढायची असतील तर आधी मीठ लावा. चिरलेल्या काकडीला अर्धा चमचा मीठ चोळून पातेलं तिरकं करून ठेवा. पंधरा मिनिटांत खालच्या बाजूला पाणी जमतं, दोन काकड्यांचं पाव वाटी तरी निघतंच. आता मूठ-मूठ काकडी घेऊन तळव्यात दाबा. पिळून चोथा करायचा नाही, पाणी धारेनं यायचं थांबलं की हात थांबवायचा. ते पाणी फेकू नका. ताकात घाला किंवा त्यात कणीक भिजवा, फक्त त्यात मीठ आहे हे लक्षात ठेवून वरून मीठ कमी घाला. पिळलेल्या काकडीतही मीठ राहिलेलं असतं, तेव्हा पुन्हा मीठ घालण्याआधी चाखा.

लगेच जेवायला बसणार असाल तर काही पिळू नका. माझं मत विचाराल तर रोजच्या जेवणाला हीच पद्धत चांगली, कारण काकडीची अर्धी चव त्या पाण्यात असते. कोवळी गावठी काकडी पिळणं म्हणजे तिचा वास मोरीत ओतणं. काकडी चिरून तशीच ठेवायची, त्यावर कूट घालायचं आणि मीठ अगदी शेवटी, पानं मांडून झाल्यावर. सुटणारं थोडं पाणी कूट पिऊन घेतं आणि कोशिंबीर मिळून येते. साखरही तेव्हाच घाला, कारण साखरेनंही पाणी सुटतं.

कूट

दाण्याचं कूट बाजारात तयार मिळतं, पण पहिल्यांदा तरी घरी करा. एक वाटी शेंगदाणे जाड कढईत मंद आचेवर भाजायला घ्या आणि हलवत राहा. मोठ्या आचेवर सालं काळी होतात आणि दाणा आत कच्चाच राहतो. आठ-दहा मिनिटांत सालावर डाग येतात, तडतड ऐकू येते. एक दाणा चोळून फोडून बघा, आतून फिकट बदामी दिसला की गॅस बंद. पूर्ण गार होऊ द्या. गरम दाणे मिक्सरमध्ये घातले तर तेल सुटून गोळा होतो. सालं चोळून पाखडून टाका, थोडी राहिली तरी बिघडत नाही. मिक्सर एकसारखा चालवू नका, थांबून थांबून चार-पाच वेळा फिरवला की जाड रव्यासारखं, मध्येच एखादा अर्धा दाणा असलेलं कूट मिळतं. दोन काकड्यांना चार मोठे चमचे पुरतं. उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस राहतं. खवट वास आला तर टाकून द्या, फोडणीनं तो झाकला जात नाही.

ओलं खोबरं असेल तर दोन चमचे घाला. खोबरं घातलं की कूट एक चमचा कमी करा, नाहीतर कोशिंबीर जड होते.

फोडणी आणि मिसळणं

रुंद भांड्यात चिरलेली काकडी घ्या. त्यावर कुटाचा ढीग करा, मिसळू नका. ढिगाच्या कडेला एक-दोन बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर ठेवा.

पळीत दोन चमचे शेंगतेल तापवा. एक मोहरी टाकून बघा, ती लगेच उडाली की तेल तापलं. मग अर्धा चमचा मोहरी घाला आणि तडतड थांबत येईपर्यंत धीर धरा. अर्धवट फुललेली मोहरी कडू लागते. गॅस बंद करून पाव चमचा जिरं, चिमूटभर हिंग आणि पाच-सहा कढीपत्त्याची पानं घाला. पानं ओली असली तर तेल उडतं, तेव्हा पुसून घ्या आणि झाकण हातात ठेवा. तिखट आवडणाऱ्यांनी एक संकेश्वरी सुकी मिरची तोडून घालावी. संकेश्वर आपल्याच जिल्ह्यात, हुक्केरी तालुक्यात आहे आणि तिथल्या मिरचीला तिखटपणा भरपूर. नुसता रंग हवा असेल तर ब्याडगी घ्या.

ही फोडणी काकडीवर ओतायची नाही, कुटाच्या ढिगावर ओतायची. गरम तेल कुटात शिरतं, चर्र आवाज येतो आणि दाण्याचा खमंग वास वर उठतो. काकडीवर पडली तर फोडी कोमेजतात आणि तेलही लगेच गार होतं. मिनिटभर थांबा, मग अर्ध्या लिंबाचा रस, पाऊण चमचा साखर आणि पाव चमचा मीठ घालून दोन चमच्यांनी खालून वर हलक्या हातानं मिसळा. काकडी पिळलेली असेल तर मीठ चाखूनच. चव घ्या. आंबट, गोड, खारट आणि तिखट असं चारही कळायला हवं, त्यात गोड सगळ्यात मागे.

कशाबरोबर खाणार त्याप्रमाणे

आपल्या सीमाभागात पंचवीस-तीस किलोमीटरवर ताट बदलतं आणि त्याबरोबर कोशिंबीरही.

खानापूरकडे, येळ्ळूर-शहापूरच्या भातशेतीच्या पट्ट्यात जेवण भाताचं. तिथे दह्यातली कोशिंबीर शोभते, कारण शेवटच्या दोन घासांना ती भातात कालवता येते. काकडी मीठ लावून पिळून घ्या. एक वाटी घट्ट, गोडसर दही चमच्यानं फेटा, दही पातळ असेल तर फडक्यात बांधून पाऊण तास टांगा. फोडणी कोमट होऊ द्या आणि मग दह्यात घाला. कूट दोनच चमचे. लिंबू नको. काकडी दह्यात वाढायच्या आधी पाच मिनिटं मिसळा. दही आंबट असेल तर साखरेनं झाकायचा प्रयत्न करू नका, थोडं दूध घाला.

निपाणी-चिकोडीकडे मटणाचा झणझणीत रस्सा असेल तर बारीक चिरलेला कांदा, काकडी आणि दही एवढंच करा. फोडणी नको, कूट नको. रश्शाच्या तिखटाला थंडावा हवा असतो, आणखी मसाला नको असतो. कांदा चिरून मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला की उग्रपणा जातो.

पूर्वेकडे, जोंधळ्याच्या पट्ट्यात, भाकरीबरोबर काकडीत कारळ्याची चटणी घालतात, आणि ही मला सगळ्यात प्रिय. भाकरी, भरली वांगी, झुणका आणि शेजारी ही काळपट दिसणारी काकडी. दिसायला फार नसते, पण चव विसरता येत नाही. काकडी मोठी चिरायची, पिळायची नाही. दोन मोठे चमचे कारळ्याची चटणी आणि दोन चमचे दही घालून कालवायची, वरून कच्च्या शेंगतेलाची बारीक धार. चटणीत मीठ, तिखट आणि बहुधा लसूण असतोच, म्हणून वेगळं काही घालू नका. चटणी शहरात किराणा दुकानांत शेंगांच्या आणि जवसाच्या चटणीशेजारीच मिळते. घरी करायची तर अर्धी वाटी कारळे कोरडेच मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा आणि सुकी मिरची, लसूण, मीठ घालून वाटा. दुकानात मागताना कारळे किंवा खुरासणी म्हणा. कलौंजी वेगळी, तीही काळीच दिसते, पण तिची चव इथे अजिबात चालत नाही.

रामनवमीला आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडे पानकाबरोबर कोसंबरी मिळते. तीही शिकून घ्या, फार सोपी आहे. पाव वाटी मुगाची डाळ तासभर भिजवून, रोवळीत पूर्ण निथळून घ्यायची. त्यात एक बारीक चिरलेली काकडी, दोन चमचे ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू. वर मोहरी-हिंगाची फोडणी. कूट नाही, साखर नाही. डाळ दाबून बघा, नखानं तुटली की भिजली. मीठ इथेही वाढताना. संध्याकाळी भूक लागल्यावर नुसती वाटीभर खाल्ली तरी पोटाला आधार होतो.

उपवासाला तेल-मोहरी-हिंगाऐवजी तुपात जिऱ्याची फोडणी द्या. कोथिंबीर चालते का ते घरच्यांना विचारा, प्रत्येक घराचा नियम वेगळा असतो. गणपतीच्या नैवेद्याला कांदा-लसूण नाही, आणि पानात कोशिंबिरीची जागा डावीकडे, चटणी-लिंबाच्या बाजूला. नैवेद्य आधी वाढून बराच वेळ झाकून ठेवायचा असतो, तेव्हा पिळलेली काकडीच घ्या.

डब्यासाठी आणि उरल्यावर

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या डब्यात न्यायची असेल तर सकाळी सगळं मिसळून नेऊ नका. पिळलेली काकडी एका डबीत, कूट, फोडणी, साखर दुसऱ्या छोट्या डबीत आणि लिंबाची फोड वेगळी. जेवताना एकत्र करायला अर्धा मिनिट लागतं.

केलेली कोशिंबीर दुपारची दुपारीच संपवावी. दह्याची फ्रीजमध्ये संध्याकाळपर्यंत खाता येते, पण आंबटते. बिनदह्याची उरली आणि पाणी सुटलं तर त्या पाण्यासकट तिच्यात जोंधळ्याचं पीठ, थोडं बेसन, कांदा, ओवा आणि चवीपुरतं तिखट घालून मळा. वेगळं पाणी लागत नाही. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोक पाडून तव्यावर टाका, कडेनं आणि भोकात तेल सोडा आणि झाकण ठेवा. खालची बाजू लालसर झाली की उलटा. काकडीचं थालीपीठ लोण्याबरोबर गरमच खावं.